हौशाच्या पोटातला पोहेहार

१

सगुणाबाईंचा चार तोळ्यांचा पोहेहार पोळ्याच्या दिवशी हौशा बैलानं गिळला, ही गोष्ट आता गावात कुणी कुणाला नव्यानं सांगत नव्हतं. चार दिवस झाले होते. चारही दिवस भुजंग बैलामागे घमेलं घेऊन बसला होता. शेण पडलं की ते पाण्यात कालवायचं आणि बोटांनी चाचपायचं. हार काही निघाला नव्हता.

रविवारी दुपारी तो गिरिजाबाईंच्या ओसरीसमोर येऊन उभा राहिला. गिरिजाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी सुट्टीच्या दिवशी दहा-बारा मुलं त्यांच्या ओसरीवर पाट्या घेऊन बसलेलीच असत.

"हे उत्तर तू काढलंस, की तुला तसं वाटलं?" बाई एका मुलीला विचारत होत्या.

"वाटलं, बाई."

"मग पूस, आणि काढ. घाई नाही." त्यांनी वर पाहिलं. "ये भुजंग. असा उन्हात का उभा?"

भुजंग पायरीवर टेकला. त्याच्या हातात रिकामं दावं होतं. आपण ते सोबत आणलंय हेही त्याच्या ध्यानात नसावं.

"बाई, उद्या नऊ वाजता डॉक्टर हौशाचं पोट फाडणार हायेत. चौदा वर्षांचं जनावर. डॉक्टर म्हणाले, वाचंल असं सांगता येत न्हाई. आन् हार न्हाई निघाला तर लोक म्हणतील, भुजंगानंच मारला. आताच म्हणून राह्यलेत."

"तू तिथंच होतास ना?"

"मीच तर कासरा धरून उभा व्हतो."

"हार गिळताना पाहिलंस?"

"सगळ्यायनंच पाह्यलं."

"सगळ्यांचं राहू दे. तू?"

भुजंगानं दावं मुठीभोवती गुंडाळलं. "पुरणपोळी खाताना पाह्यलं," तो म्हणाला. "हार... हार काही मला दिसला न्हाई."

"मग पोटात आहे कशावरून?"

"यंत्र वाजलं की हो, बाई!" भुजंगाचे डोळे भरले. "सोमेश्वरभाऊनं अंबडहून आणलं, मंगल कार्यालयात वॉचमनकडं असतंय तसलं. सगळ्या अंगावरून फिरवलं, वाजलं न्हाई. डाव्या बाजूला, पुढच्या पायामागं धरलं, की कुंई करून वाजायलं. चार वेळा लावलं, चारी वेळा वाजलं. आता मी काय म्हणावं?"

२

सोमेश्वरचा बंगला हायवेच्या कडेलाच होता. आठ वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, वडीगोद्रीच्या आसपासच्या कितीतरी जमिनी त्यात गेल्या आणि मावेजा आला. सोमेश्वरला एका दिवसात दीड कोटी मिळाले. त्यानं बंगला बांधला, मोठी पांढरी गाडी घेतली, सगळ्या गावाला जेवण दिलं. नांगरायला जमीन फारशी उरली नव्हती, म्हणून बैल विकले. नवशा बाजारात गेला. हौशा भुजंगानं घेतला, मजुरीतून साठवलेल्या पैशांनी.

घरी बैल नसला की माणसं पोळ्याला मातीचे बैल पुजतात. सगुणाबाईही लेकाला दर वर्षी तेच म्हणत. पण सोमेश्वर म्हणायचा, "बंगल्यात मातीचे बैल? लोक हसतील." मग तो भुजंगाला सांगून हौशाला आधी आपल्या दारी आणवायचा. घरातला दागिना बैलाच्या कपाळाला लावायचा, मग पुरणपोळी चारायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. ती सगळ्या गावादेखत व्हायची.

गिरिजाबाई फाटकातून आत आल्या. गाडी कापडाखाली झाकलेली होती. कापडावर धूळ होती, आणि एका चाकातली हवा गेलेली होती. वरच्या मजल्याच्या उघड्या सळया गंजून लाल झाल्या होत्या. शिकवायच्या सवयीनं बाई सगळं नीट पाहत. कुणाला काही म्हणत नसत.

"या बाई, या! शालू, बाई आल्यात, चहा टाक!" सोमेश्वर मोठ्यानं म्हणाला. तो त्यांचा विद्यार्थी. गणितात कायम पहिला. "भुजंगानं पाठवलं ना तुम्हाला? मला काय बैलाचं वाईट वाटत न्हाई का? पण आईची वस्तू हाय. माझ्या मोनालीच्या लग्नाला तिनं ती ठेवलेली. डॉक्टरचा खर्च सगळा मी देतो म्हणालो, भुजंगाला एक रुपया मागत न्हाई."

"मोठं मन आहे तुझं," बाई म्हणाल्या. सोमेश्वरनं मान खाली घातली.

तो फोन घ्यायला बाहेर गेला तशी शालू चहा घेऊन आली. सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं. बसलं की ते कुरकुरायचं.

"शालू, पूजा तूच केलीस ना? हार ताटात होता?"

"होता की. खण घातलेला होता वरून, नजर लागू नये म्हणून."

"खणाखाली हार होता, हे तू पाहिलंस?"

शालूचा हात कपावरच थांबला. "ताट देवघरातून ह्यांनीच आणून दिलं. सासूबाईंच्यानं चालवत न्हाई आता. मी खणासकटच ताट हौशाच्या कपाळाला लावलं. मंग खण ह्यांनी काढला, त्याच ताटातल्या पोळ्या त्याच्या तोंडाफुडं धरल्या, आन् एकदम वरडले, हार गिळला, हार गिळला! ... बाई, असं का विचारून राह्यलात?"

"असंच. हिशोब तपासतेय."

"हौशा आमच्या दावणीला व्हता तवा मीच त्याला भाकर चारायची," शालू हळूच म्हणाली. "उद्या मी दाराबाहेर यायची न्हाई. मला बघवणार न्हाई."

म्हणजे हार कुणीच पाहिला नव्हता. सगळ्या गावानं फक्त एक लाल खण पाहिला होता, आणि एक ओरडणं ऐकलं होतं.

३

सगुणाबाई बंगल्याच्या मागे, पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. बंगला झाल्यापासून त्या बहुतेक इथंच बसत. आतल्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय घसरायचा. समोर सुपात तुरीची डाळ होती. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बोटं भराभर चालत होती. खडा लागला की नुसत्या स्पर्शानं बाजूला.

"गिरिजाबाई का? पावलं ओळखली मी."

"तुमच्या हाराचं विचारायला आले, सगुणाबाई. पोळ्याच्या दिवशी हातात घेतला होता तुम्ही?"

"सकाळी घेतल्ता. दर पोळ्याला घेते. माझ्या सासूनं घातला तवा चौदा वर्षांची व्हते मी. मान दुखायची त्याच्या वजनानं." सगुणाबाई थांबल्या. सूप त्यांनी मांडीवर घेतलं. "औंदा मातर हलका लागला. हातच म्हातारे झाले, दुसरं काय. म्हाताऱ्या हाताला वजन कळत न्हाई."

 गिरिजाबाई स्वतः त्रेसष्टच्या होत्या. पूर्वी एका हातानं उचलायच्या ती पाण्याची कळशी आता दोन्ही हातांनीही उचलत नव्हती. म्हाताऱ्या हाताला वस्तू जड लागते. हलकी कशी लागेल?

"पुढं काय करणार होतात हाराचं?"

"पोळा झाला की दुसऱ्या दिशी अंबडला राधेश्याम सोनाराकडं न्यायचा व्हता. मोडून मोनालीला पाटल्या करायच्या. आठ दिस आधीच सोमेश्वरला सांगून ठिवलं व्हतं मी. दोनदा सांगितलं." म्हातारीनं एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि बाजूला टाकला. "पण त्याच्या आदल्या दिशीच बैलानं गिळला. नशीब म्हनायचं."

गिरिजाबाई उठल्या. हार हलका लागला होता. सोनाराच्या कसोटीला तो दुसऱ्या दिवशी लागणार होता. आणि त्याच्या आदल्याच दिवशी तो नाहीसा झाला. आता एकच गोष्ट या उत्तरात बसत नव्हती, ती म्हणजे ते यंत्र. हार पोटात नसेल, तर यंत्र वाजलं कशानं?

४

घरी येईपर्यंत मुलं गेली होती. गिरिजाबाई हौशाचाच विचार करत होत्या. हौशाबद्दल आपण कधीतरी काहीतरी वाचलं आहे, एवढं त्यांना आठवत होतं. कुठे वाचलं, ते आठवत नव्हतं. आणि वाचण्याजोगं बैलाबद्दल लिहिणार तरी कोण?

मग त्या हसल्या आणि त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

चौतीस वर्षांत त्यांनी मुलांना शेकडो निबंध लिहायला लावले होते, आणि ज्या निबंधात मुलानं खरोखर स्वतःचं काही लिहिलं असेल तो कागद त्या जपून ठेवत. पेटी त्यांनीच भरलेली होती. अर्धा तास लागला. दहा वर्षांपूर्वीचा कागद, चौथीचा वर्ग, विषय 'आमचा बैल', नाव मोनाली.

"आमच्या बैलाचे नाव हौशा आहे. तो फार खादाड आहे. त्याने कडब्याबरोबर तार खाल्ली. तो चारा खाईना. मग जनावराचे डॉक्टर आले. त्यांनी हौशाच्या पोटात एक लोहचुंबक टाकले. पप्पांनी त्याचे तोंड उघडून धरले. डॉक्टर म्हणाले, तार याला चिकटून बसेल आणि पोटाला टोचणार नाही. चुंबक जन्मभर छातीपाशी राहील. मला फार नवल वाटले. आमच्या हौशाच्या पोटात विज्ञान आहे."

खाली बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं: "छान. पाहिलेलं लिहिलंस."

गिरिजाबाईंनी शाळेच्या जुन्या विज्ञान पेटीतली चुंबकसूची काढली आणि त्या सरळ भुजंगाच्या गोठ्यावर गेल्या. अजून चांगलं ऊन होतं. हौशा कडुनिंबाखाली उभा होता. शिंगांना पोळ्याचा रंग तसाच होता, गळ्यातली गोंड्यांची माळ कुणी सोडली नव्हती.

"हे काय, बाई?"

"बघ. ही सुई कायम उत्तरेला तोंड करून राहते." बाईंनी चुंबकसूची बैलाच्या मागच्या मांडीपाशी धरली. सुई हलली नाही. पाठीवर धरली, पोटाखाली धरली. नाही. मग त्यांनी ती डाव्या बाजूला, पुढच्या पायामागे नेली.

सुई थरथरली, आणि गर्रकन फिरून हौशाच्या छातीकडे तोंड करून थांबली.

"सोन्याकडं सुई जात नाही, भुजंग," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडं यायच्या आधीपासून याच्या पोटात लोहचुंबक आहे. यंत्र त्यानं वाजतं. तुला हे ठाऊक नव्हतं. या डॉक्टरांनाही नाही, ते दोन वर्षांपूर्वी आलेत."

"मंग हार पोटात न्हाई?"

"एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पण यंत्र वाजणार, हे गावात एका माणसाला आधीच ठाऊक होतं. त्यानं स्वतः या बैलाचा जबडा धरला होता. आणि यंत्र आणलं तेही त्यानंच."

भुजंगानं हौशाच्या मानेवर हात ठेवला. "न्हाई बाई," तो म्हणाला. "आम्ही संगं वाढलो. संगं बोरं चोरली. तो माझ्यावर असं बालंट आणणार न्हाई."

५

सोमेश्वर गाडीवरचं कापड झटकत होता. बाई दिसताच त्याचा हात थांबला. त्यांनी मोनालीचा कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. आपल्या मुलीचं गोल गोल अक्षर.

"तुला यंत्र वाजणार हे माहीत होतं," गिरिजाबाई म्हणाल्या. वर्गात चुकलेलं गणित समजावताना असायचा तसाच त्यांचा आवाज होता. "ताट तू आणलंस, खण तू काढलास, ओरडलासही तूच. हार कुणी पाहिला नाही, कारण तो ताटात नव्हताच. सोनाराकडं जायच्या आदल्या दिवशी तो नाहीसा होणं भाग होतं. तुझ्या आईला तो हलका लागला, सोमेश्वर."

त्यानं गाडीचं दार उघडलं. समोरच्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला हार काढला आणि बॉनेटवर ठेवला. उन्हात तो खऱ्यापेक्षा जास्त चमकत होता.

"एक ग्रॅमवाला हाय," तो म्हणाला. "खरा दोन वर्षांमागं विकला. हप्ते थकले, गाडी वढून न्यायला माणसं आल्ती, बाई. पेट्रोल पंपावर, सगळ्यांदेखत न्हेली असती."

"मग जाऊ द्यायची होती."

"पहिल्या वर्षी गावजेवण दिलं. दुसऱ्या वर्षी न्हाई दिलं तर लोक काय म्हणतील? मंग तिसऱ्या वर्षी. कुणाच्या पोरीचं लग्न असलं की माझा आहेर मोठा. मला कुणी मागितलं न्हाई, मीच देत गेलो. लोक 'शेठ' म्हणायचे."

"गणितात तू पहिला होतास रे."

"म्हणूनच तर!" सोमेश्वरचा आवाज फाटला. "मला कधीचं ठाऊक व्हतं, कोणत्या साली संपणार ते. बराबर त्याच साली संपलं. घरात एकट्यालाच ठाऊक असणं लई वाईट असतंय, बाई."

हायवेवरून एक ट्रक गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाई थांबल्या.

"आणि हौशा? उद्या त्याचं पोट फाडू देणार होतास?"

"मला वाटलं, डॉक्टरच न्हाई म्हणतील, बैल म्हातारा हाय म्हणून. मंग मी म्हणणार व्हतो, जाऊ द्या, मुक्या जनावरापेक्षा सोनं मोठं न्हाई. गाव मला मोठ्या मनाचा म्हणालं असतं. पण डॉक्टर हो म्हणाले. लोक म्हणाले, आणा यंत्र. मी आणलं. मंग थांबवावं कसं ते कळंना. रोज सकाळी वाटायचं आज बोलावं."

"आणि पोटात हार निघाला नसता, तर भुजंग चोर ठरला असता. हे धरलं नव्हतंस गणितात?"

सोमेश्वर गाडीला टेकून खाली बसला, तोंड ओंजळीत घेऊन. गिरिजाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चौथीत परीक्षेच्या भीतीनं तो असाच शाळेच्या पायरीवर बसला होता, तेव्हाही त्यांनी ठेवला होता.

"मी कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नऊपर्यंत. उत्तर तुझं तूच फळ्यावर लिहायचं."

६

सकाळी भुजंगाच्या गोठ्यापुढे अर्धं गाव जमलं होतं. डॉक्टर प्रितम हातमोजे घालून उभे होते. हौशाच्या डाव्या कुशीवरचे केस भादरले होते. तिथली कातडी पांढुरकी आणि नाजूक दिसत होती. नऊला पाच मिनिटं होती. सोमेश्वर आलेला नव्हता.

गिरिजाबाई रस्त्याकडे पाहत होत्या. चुंबकसूची त्यांच्या पिशवीत होती.

मग तो आला. चालत. बरोबर सगुणाबाई, त्याच्या खांद्याला धरून. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"डॉक्टर, सुरी ठेवा," तो म्हणाला. "हार बैलाच्या पोटात न्हाई. माझ्या खिशात हाय. आन् तो सोन्याचाबी न्हाई."

पाठीमागून कुणीतरी हसलं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. त्यानंतर सोमेश्वर बोलत राहिला, गाडीचं, जेवणावळींचं, विकलेल्या हाराचं, आणि शेवटी भुजंगासमोर जाऊन उभा राहिला. भुजंगानं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं हौशाचा कासरा सोडला आणि तो बैलाला घेऊन नदीकडे निघून गेला, पाणी पाजायला. गर्दीनं दोघांना वाट दिली.

सगुणाबाईंनी हात पुढे केला. सोमेश्वरनं हार त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो एकदाच वर-खाली झेलला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच त्यो हलका."

आणि गिरिजाबाईंना एकदम कळलं. डाळीतला खडा स्पर्शानं ओळखणारी बोटं. ज्याच्या वजनानं चौदाव्या वर्षी मान दुखली होती, तो हार. या बाईला वजन कळत नव्हतं?

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणूनच हलका लागला म्हणून सांगितलंत मला."

"मागल्या पोळ्यापासून." सगुणाबाईंनी हार पदरात बांधला. "सोनाराचं नाव काढलं ते त्यानं येऊन सांगावं म्हणून. आठ दिस वाट पाह्यली. तो खोटं घेऊन आला. हौशाला मी मरू दिलं नसतं. आज नऊला मीच बोलणार व्हते. पण माझ्या तोंडून निघालं असतं, तर माझ्या लेकाजवळ काहीच उरलं नसतं. म्हणून तुमच्या पदरात टाकलं, गिरिजाबाई. तुमचं तो ऐकतो."

गाडी आठवड्याभरात गेली. दिवसाउजेडी, पेट्रोल पंपावरूनच. मोनालीची सोयरीक मोडली. ती आता सकाळच्या एसटीनं अंबडला एका दुकानात कामाला जाते. भुजंगाला कुणी चोर म्हणत नाही; पण सोमेश्वर रस्त्यात दिसला की तो कडेनं जातो.

हौशा संक्रांतीच्या आधी म्हातारपणानं गेला. भुजंग एकटा बांधावर खड्डा खणत होता. सोमेश्वर फावडं घेऊन आला आणि दुसऱ्या टोकानं खणू लागला. भुजंगानं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हौशाला ठेवल्यावर दोघांनी माती ओढली, आणि दोघे दोन वाटांनी घरी गेले.

पुढच्या पोळ्याला गिरिजाबाई बंगल्यावर गेल्या. पुढच्या बाजूला आता कुणी भाडेकरू राहत होते. घरची माणसं मागच्या दोन खोल्यांत होती. पत्र्याच्या सावलीत सगुणाबाईंनी पाट मांडला होता. पाटावर मातीचा एक बैल. एकच. शालूनं त्याला हळद-कुंकू लावलं, आणि पोळीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवताना तिनं डोळ्यांना पदर लावला.

सगुणाबाईंनी पदराची गाठ सोडून हार काढला. चाचपत चाचपत त्यांनी तो मातीच्या बैलाच्या मानेभोवती दोन वेढे देऊन घातला.

"आई, मान मोडंल त्याची," सोमेश्वर म्हणाला.

"न्हाई मोडत," म्हातारी म्हणाली. "वजनच कुठं हाय त्याला."